जिवाणू खत जिवंत मुळापर्यंत नेताना

खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्ये जिवाणू खतांचा समावेश २००६ साली झाला. त्यातल्या अटीप्रमाणे लिग्नाइटसारख्या पावडरीतल्या कल्चरच्या, म्हणजे जिवाणू खताच्या, एका ग्रॅममध्ये किमान ५ कोटी जिवंत पेशी हव्यात, द्रवरूप कल्चरच्या एका मिलिलिटरमध्ये किमान १० कोटी. म्हणजे २५० ग्रॅमच्या पाकिटात १,२५० कोटी. हे पाकीट १० किलो बियाण्याला लावायचं. साताऱ्याच्या कोरेगाव भागातल्या वाघ्या घेवड्याचं १० किलो बी म्हणजे ढोबळमानाने तीस हजार दाणे, तेव्हा एका दाण्याच्या वाट्याला चार लाखांच्या आसपास जिवाणू येतात. चोळताना, वाळताना निम्मे गेले तरी दोन लाख उरतात, आणि एवढ्या मोठ्या दाण्याला लाखभर पुरतात. आता हेच पाकीट एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या गोदामात खताच्या पोत्यांवर पडून राहिलं आणि जिवंत पेशी शंभरातल्या एकावर आल्या, तर दाण्यावर उरतात दोन हजार. जमिनीत आधीपासून असलेल्या रायझोबियमच्या, म्हणजे मुळावर गाठी करून नत्र पकडणाऱ्या जिवाणूंच्या, गर्दीत त्यांना मुळाच्या केसाजवळ जागाच मिळत नाही. ‘कल्चर वापरलं, पण फरक काही दिसला नाही’ ही तक्रार आम्ही सगळीकडे ऐकतो. तिचं मूळ बहुतेक वेळा शेताच्या बांधाअलीकडेच असतं.

आम्ही काहीजण कोरेगाव, कराड आणि खाली सांगलीकडच्या वाळवा-पलूस पट्ट्यात सेंद्रिय भाजीपाला घेतो. घेवडा, टोमॅटो, कोबी, कांदा, मेथी-कोथिंबीर, थोडं आलं. तिन्ही ठिकाणची माती वेगळी, पाणी वेगळं. कल्चर हाताळायची रीत मात्र सगळ्यांची हळूहळू एकसारखी होत गेली आहे. ती इथे मांडतो.

आधी अपेक्षेचा हिशेब. टोमॅटोचं फळ आणि वेल मिळून एका टनामागे अडीच ते तीन किलो नत्र जमिनीतून उचललं जातं. एकरी २० टन माल धरला तर ५० ते ६० किलो. अॅझोटोबॅक्टर किंवा अॅझोस्पिरिलम हे हवेतलं नत्र पकडणारं कल्चर अगदी मानवलं तरी एका हंगामात एकरी काही किलोच देतं. उरलेलं कुठून येणार? १० टन शेणखतात अर्धा टक्का नत्र धरलं तर ५० किलो होतं, पण पहिल्या पिकाला त्यातलं तिसरा हिस्साच मिळतो. बाकीचं निंबोळी पेंडीतून, गांडूळ खतातून आणि आधी गाडलेल्या ताग-धैंचातून यायला हवं. शेणखत कमी करून कल्चर वाढवणाऱ्याचं पीक दीड महिन्यात पिवळं पडतं आणि दोष पाकिटाला लागतो. हवेतलं नत्र पकडायला जिवाणूला ऊर्जा लागते, ती सेंद्रिय कर्बातूनच मिळते. कर्ब ०.४ टक्क्याच्या खाली असलेल्या रानात आम्ही पहिल्या वर्षी कल्चरवर फार खर्च करत नाही, तो पैसा शेणखतावर घालतो.

या भागात कर्बाचा एक मोठा साठा साखर कारखान्यांजवळ असतो तो मळीचा, म्हणजे प्रेसमडचा. ती ताजी आणून थेट सरीत टाकायची नाही. ताजी मळी मेणचट असते आणि ढिगात चांगलीच तापते. त्या उष्णतेत कुठलंच कल्चर टिकत नाही, रोपांची मुळंही भाजतात. ढीग लावून, पाणी मारून, दर पंधरवड्याला उलथून दोन-अडीच महिन्यांनी ती काळी, भुसभुशीत आणि थंड झाली की मग कामाची. सेंद्रियचं प्रमाणपत्र घेणाऱ्यांनी आणखी एक पाहावं: मळीत डिस्टिलरीचा स्पेंटवॉश, म्हणजे तिथलं सांडपाणी, मिसळलेला असेल तर प्रमाणीकरण संस्थेला आधी विचारलेलं बरं. खोडव्यानंतर भाजीपाला घेणाऱ्यांकडे पाचटही असतं, पण त्यात कर्बाच्या मानाने नत्र फारच कमी. ते मातीत मिसळलं की कुजवणारे जिवाणू कोवळ्या रोपाच्या तोंडचं नत्र स्वतःच वापरतात. म्हणून पाचट वर आच्छादन म्हणून अंथरायचं, मातीत कालवायचं नाही.

माती परीक्षणात आम्ही सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि मुक्त चुना एवढं नक्की पाहतो. सातारा जिल्ह्यात पश्चिमेकडे महाबळेश्वर, पाटण, जावळीची तांबडी माती आम्लधर्मी आहे. सामू सहाच्या खाली गेला की अॅझोटोबॅक्टर तग धरत नाही. तिथे आधी चुना किंवा डोलोमाइट, मग कल्चर. माण-खटावकडे उथळ, मुरमाड, चुनखडीची जमीन. ढेकळावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकले की ती फसफसते. अशा मातीत स्फुरद कॅल्शियमला बांधला जातो आणि पीएसबी, म्हणजे स्फुरद विरघळवणारे जिवाणू, जी आम्लं सोडतात ती चुन्याशी भांडण्यातच खर्ची पडतात. वाळवा, पलूस, मिरजेचा क्षारपड भाग ही आणखी वेगळी गत. तिथे आधी चर काढून निचरा करावा लागतो. पाणी साचलेल्या काळ्या रानात हवा नसते, अॅझोटोबॅक्टरला हवा हवीच. उलट नत्र उडवून लावणारे जिवाणू तिथे माजतात.

कोणत्या पिकाला कोणतं कल्चर, यात घोळ होतो तो मुख्यतः रायझोबियममध्ये. दुकानात ‘रायझोबियम द्या’ म्हटलं की हाती येतं ते बहुधा सोयाबीनचं, कारण खप त्याचा. सोयाबीनचा जिवाणू घेवड्याच्या मुळावर गाठी करत नाही. घेवड्याचा गट वेगळा, वाटाण्याचा वेगळा; चवळी, मूग, उडीद, भुईमूग, तूर यांचा एकत्र वेगळा. पाकिटावर पिकाचं नाव छापलेलं असतं, ते वाचायचं. घेवडा मुळातच गाठी करण्यात आळशी आहे, त्यामुळे त्याला चुकीचं पाकीट लावणं फारच महागात पडतं. उसासाठी आणलेलं अॅसिटोबॅक्टर उरलं म्हणून टोमॅटोला ओतण्यात अर्थ नाही, ते उसाच्या आत राहणारं आहे. पालाश विरघळवणाऱ्या जिवाणूंबद्दल आमचं मत थोडं थंड आहे: काळ्या मातीत पालाश तसाही बऱ्यापैकी असतो, त्यामुळे दोन पट्ट्यांतला फरक आम्हाला क्वचितच दिसला. पैसे मोजकेच असतील तर नत्राचं एक, पीएसबी आणि ट्रायकोडर्मा, म्हणजे मुळांच्या रोगांना अडवणारी बुरशी, एवढ्यात काम भागतं.

आणि व्हॅम, म्हणजे मायकोरायझा बुरशी. कांदा, मिरची, टोमॅटो, वांगी, आलं, हळद यांच्या मुळांशी तिचं चांगलं जुळतं. कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी या कुळाच्या मुळांत ती शिरतच नाही. पालक आणि बीटही तिला जवळ करत नाहीत. कोबीला व्हॅम विकणारे विकतात, घेणारे घेतात.

खरेदी करताना पाकिटावरची उत्पादनाची तारीख, मुदत, बॅच नंबर, जिवाणूचं नाव आणि सीएफयू, म्हणजे जिवंत पेशींचा आकडा, एवढं पाहायचं. पावडरीतल्या कल्चरची मुदत साधारण सहा महिने, द्रवरूपाची वर्षभर. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात आणि पुण्याच्या कृषी महाविद्यालयात कल्चर तयार होतं. हंगामाच्या तोंडावर तिथे गर्दी असते, म्हणून मागणी आधी नोंदवावी. पावडर हाताला दमट लागायला हवी. खडखडीत कोरडी झाली असेल तर आतले बहुतेक मेलेले. द्रवरूपाची बाटली फुगलेली असेल किंवा झाकण उघडताच कुजकट भपकारा आला तर आत दुसरंच काही वाढलं आहे. घरी आणल्यावर माजघरातली थंड, अंधारी जागा बरी. शेतातल्या मोटारीच्या खोलीत ठेवायचं नाही. आणताना गाडीच्या डिकीत दुपारभर राहिलं तरी नुकसान होतं, म्हणून आम्ही ओल्या गोणपाटात गुंडाळून सकाळी आणतो.

आता रोपवाटिका. आमच्या मते जिवाणू खताचा पैसा सगळ्यात जास्त इथेच वसूल होतो. संकरित टोमॅटोचं बी एकरी काही ग्रॅमच लागतं, त्याला बीजप्रक्रिया करायला हातात काही राहतच नाही. शिवाय बाजारातलं बी बहुधा थायरमसारख्या बुरशीनाशकात रंगवलेलं असतं. सेंद्रियला ते चालत नाही, आणि ज्याला चालतं त्याच्याही ट्रायकोडर्माला चालत नाही. विनाप्रक्रिया बी आधीच मागवून ठेवावं लागतं. तेव्हा कल्चर बियाला न लावता ट्रेच्या मिश्रणात घालायचं.

चार बाय दीड फुटावर एकरी ७,२६० रोपं बसतात. ९८ कप्प्यांचे ८० ट्रे केले की नांगे, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागा, भरायलाही रोपं उरतात. कोकोपीट दोन-तीनदा धुऊन, पिळून घ्यायचं. नारळाच्या शेंड्यांत क्षार असतात आणि न धुतलेल्या कोकोपीटमध्ये रोपाची मुळं तपकिरी पडतात. त्यात चाळलेलं गांडूळ खत साधारण पाव हिस्सा. अशा १०० किलो मिश्रणाला एक किलो ट्रायकोडर्मा पावडर कालवून, ओलं गोणपाट टाकून सावलीत चार-पाच दिवस ठेवायचं. मूठ आवळल्यावर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये, इतपत ओल. ट्रे भरताना प्रत्येक कप्प्यात बियाच्या खाली व्हॅमची चिमूट. ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढत नाही, म्हणून ती मुळाच्या वाटेतच असायला हवी. मूळ तिच्यातून गेलं की रोप शेतात जाईपर्यंत तिने मुळात घर केलेलं असतं. लागणीनंतर वरून ओतलेली व्हॅम मल्चिंग पेपरखाली, मुळापासून वीतभर लांब पडते आणि तशीच संपते.

लागणीच्या दिवशी मूळबुडवण. ट्रेची रोपं उपटायची नाहीत. पसरट टपात तीन-चार बोटं द्रावण घेऊन ट्रे तळाकडून दहा-पंधरा मिनिटं त्यात ठेवायचा. १० लिटर पाण्याला अॅझोटोबॅक्टर किंवा अॅझोस्पिरिलम आणि पीएसबी, पावडर असेल तर प्रत्येकी अर्धा किलो, द्रवरूप असेल तर प्रत्येकी १०० मिली. पावडर तळाला बसते, ती अधूनमधून ढवळावी लागते. कांद्याची आणि गादीवाफ्यावरच्या कोबीची रोपं जुड्या करून फक्त मुळं बुडतील अशी वीस मिनिटं उभी ठेवायची. पाणी विहिरीचं किंवा बोअरचं. ग्रामपंचायतीच्या नळाचं असेल तर आदल्या संध्याकाळी उघड्या टाकीत भरून ठेवायचं, म्हणजे त्यातला क्लोरीन उडून जातो. ब्लिचिंग पावडर टाकलेल्या पाण्यात कल्चर कालवणं म्हणजे एका हाताने पेरून दुसऱ्याने उपटणं. हे काम ऊन कलल्यावर करायचं. बुडवलेल्या ट्रेला दुपारचं ऊन लागलं की मुळावरचा थर वाळतो आणि जिवाणूही.

घेवड्याची बीजप्रक्रिया वेगळी आणि नाजूक. लिटरभर पाण्यात १२५ ग्रॅम गूळ उकळून पूर्ण थंड करायचा. गूळ काळसर, बिनरसायनाचा घ्यायचा. हायड्रॉस मारलेल्या पिवळ्याधमक गुळाचं पाणी आम्ही वापरत नाही. हात घालून पाहिल्यावर पाणी कोमटही लागता कामा नये. दहा किलो बी ताडपत्रीवर किंवा मोठ्या पाटीत पसरून त्यावर हे पाणी शिंपडायचं, दाणे ओलसर होतील एवढंच, बहुधा पाव ते अर्ध्या लिटरात भागतं. मग २५० ग्रॅम रायझोबियम आणि २५० ग्रॅम पीएसबी भुरभुरून दोन्ही हातांनी खालून वर हलवत राहायचं. चोळायचं नाही. घेवड्याचं साल पाणी लागलं की क्षणात सुरकुततं आणि घासलं की सुटतं. साल सुटलेला दाणा उगवतो, पण त्याच्या पानांवर कापल्यासारखे डाग दिसतात किंवा शेंडाच नसतो. हात आणि दाणे काळपट झाले, तळाला सुटी पावडर उरली नाही, की सावलीत अर्धा तास पसरून लगेच पेरायचं. आदल्या रात्री प्रक्रिया करून पोत्यात बांधून ठेवलेलं बी सकाळी घामेजलेलं निघतं.

राखेत साठवलेलं बी असेल तर आधी चाळून, कापडाने पुसून घ्यायचं, राख अल्कधर्मी असते. बीजामृतात, म्हणजे बियाला लावायच्या शेण-गोमूत्राच्या द्रावणात, चुनाही असतो. बीजामृत लावायचं असेल तर ते आधी लावून बी पूर्ण वाळवायचं, मग रायझोबियम, आणि शेवटी पीएसबी. ट्रायकोडर्मा त्याच बियाला लावायचा झाला तर तो सगळ्यात आधी. सगळी पाकिटं एकाच बादलीत ओतून ‘एकदाच काय ते’ उरकण्यात वेळ वाचतो, बाकी काही नाही.

जमिनीत द्यायचं कल्चर एकटं कधी टाकत नाही. एकरी अॅझोटोबॅक्टर दोन किलो, पीएसबी दोन किलो आणि ट्रायकोडर्मा दोन किलो हे प्रमाण आम्ही धरतो. ट्रायकोडर्मा आधी शेणखतात वाढवून घेतो: २०० किलो पूर्ण कुजलेलं, चाळलेलं शेणखत झाडाखाली फूटभर जाडीचं पसरून, त्यात दोन किलो पावडर आणि किलोभर गुळाचं पाणी, वर ओलं गोणपाट, दर तीन-चार दिवसांनी खोऱ्याने उलथणं. दहा-बारा दिवसांत आत आधी पांढरी, मग शेवाळी हिरवी बुरशी धरते. हाताने ढेकूळ फोडलं की आतल्या पोकळीत ती हिरवी भुकटी दिसते, वासही ओल्या रानाचा येतो. हिरवं न होता करडं-काळं झालं किंवा अमोनियाचा वास येऊ लागला तर शेणखत कच्चं होतं, ढीग तापला आणि ट्रायकोडर्मा गेला. हात घालून पाहावा: आत ऊब लागत असेल तर ते शेणखत अजून तयार नाही. अॅझोटोबॅक्टर आणि पीएसबी यात शेवटी, सरीत टाकायच्या आदल्या दिवशी मिसळतो. टाकायचं ते वाफशावर, संध्याकाळी, रोपाच्या ओळीत; आणि लगेच मातीआड. पेपर अंथरायचा असेल तर त्याआधी.

आल्याच्या गादीवाफ्यावर हेच मिश्रण लागणीच्या वेळी आणि पुन्हा भर देताना देतो. कंदकूज एकदा लागल्यावर ट्रायकोडर्मा ओतून ती थांबत नाही. त्याचं काम आधीच जागा अडवून बसण्याचं आहे.

स्फुरदासाठी सेंद्रियमध्ये रॉक फॉस्फेट चालतं. राजस्थानातून येणारी ही भुकटी आम्लधर्मी मातीत विरघळते, आमच्या चुनखडीच्या रानात वर्षानुवर्षं तशीच राहते. म्हणून ती थेट टाकत नाही. खड्ड्यातल्या शेणखतात टनाला ५० किलो या हिशेबाने थर देत, प्रत्येक थरावर पीएसबीचं पाणी शिंपडत खड्डा भरतो. कुजताना निघणारी आम्लं तिथे चुन्याशी न भांडता रॉक फॉस्फेटवरच काम करतात. पीएसबीचा असा उपयोग शेतात ओतण्यापेक्षा आम्हाला जास्त पटला आहे.

ठिबकमधून द्यायचं तर द्रवरूपच. लिग्नाइटची पावडर कितीही गाळली तरी फिल्टरची जाळी आणि ड्रिपर भरून टाकते. एकरी एक लिटर अॅझोटोबॅक्टर आणि एक लिटर पीएसबी, २०० लिटर पाण्यात, पहिल्यांदा लागणीनंतर आठ-दहा दिवसांनी आणि दुसऱ्यांदा फुलकळीच्या सुमाराला. आधी वीस मिनिटं साधं पाणी सोडून माती ओली करायची, मग व्हेंचुरीतून, म्हणजे ठिबकमध्ये द्रावण ओढून घेणाऱ्या जोडणीतून, द्रावण, शेवटी दहा मिनिटं पुन्हा साधं पाणी. शेवटचं पाणी जास्त झालं तर कल्चर मुळाखाली उतरतं. कमी झालं तर लॅटरलमध्येच, म्हणजे ओळीतल्या ठिबक नळीतच, राहून तिथे बुळबुळीत थर धरतो. ठिबकमध्ये गूळ घालायची टूम आहे, ती टाळावी. गुळाने जिवाणू नळीतच वाढतात आणि महिनाभरात शेवटच्या ड्रिपरला पाणी येईनासं होतं. लॅटरल आम्लाने किंवा क्लोरीनने साफ करायच्या असतील तर ते आधी उरकून, नळ्या धुऊन, आठवडाभराने कल्चर सोडायचं.

गूळ-बेसनाच्या ड्रममध्ये विकतचं कल्चर ‘वाढवण्याबद्दल’ स्पष्ट सांगायला हवं. अॅझोटोबॅक्टरची खरी बाजू तिथे असते जिथे नत्र नाही. इतर जिवाणू उपाशी राहतात आणि हा हवेतून घेतो. ड्रममध्ये बेसन आणि गोमूत्र म्हणजे भरपूर नत्र. तिथे सगळ्यात भरभर वाढणारे जिवाणू जिंकतात आणि तो मागे पडतो. दोनशे लिटर फेसाळ पाणी तयार होतं हे खरं, त्यात विकत आणलेलं किती उरलं ते डोळ्यांना दिसत नाही. जीवामृत आम्हीही करतो: २०० लिटर पाणी, १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, दोन-दोन किलो गूळ आणि बेसन, बांधावरची मूठभर माती, सावलीत दोन-तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ ढवळून. त्याचा फायदा वेगळा आहे. कल्चर वाढवायचं भांडं म्हणून ते कामाचं नाही. मेथी, कोथिंबीर, पालकावर ते फवारतही नाही. कच्च्या शेणातले आतड्याचे जिवाणू पानावर राहतात आणि कोथिंबीर लोक धुऊन न धुऊन कच्चीच खातात. पालेभाजीला ते पेरणीआधी जमिनीत, एवढंच.

सेंद्रियमधली जी औषधं जिवाणूंना मारतात त्यात पहिलं नाव तांब्याचं. टोमॅटोच्या करप्यावर मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण मर्यादेत चालतं, पण पानावरून ठिबकणारं बोर्डो मातीतल्या ट्रायकोडर्मावर आणि जिवाणूंवर पडतं. फवारणी आणि कल्चरची आळवणी, म्हणजे मुळाशी ओतणं, यांत दहा दिवसांचं अंतर ठेवतो, आणि कल्चर फवारणीच्या पंपातून न देता वेगळ्या झारीने देतो. पंप कितीही विसळला तरी नोझलच्या कोपऱ्यात निळं राहतंच.

काम झालं की नाही हे पाहायचं कसं? घेवडा पेरून महिना-पस्तीस दिवसांनी, फुलं लागायच्या सुमाराला, चार-पाच झाडं खोऱ्याने मातीसकट उचलायची. उपटली तर गाठी जमिनीत तुटून राहतात. मुळं बादलीत हलक्या हाताने धुवायची आणि नखाने एक-दोन गाठी फोडायच्या. आतून गुलाबी-लालसर असली तर गाठ काम करते आहे. पांढरी असेल तर एकतर लवकर पाहिलंत किंवा जिवाणू निकामी. हिरवट-तपकिरी म्हणजे म्हातारी. सोटमुळाच्या वरच्या भागात मोठ्या गाठी असल्या तर त्या बहुधा बियाला लावलेल्या जिवाणूच्या. लांबच्या बारीक मुळांवर विखुरलेल्या असतात त्या बहुधा जमिनीतल्याच. इथे एक फसगत होते. सूत्रकृमीच्या गाठीही दुरून तशाच दिसतात. पण रायझोबियमची गाठ मुळाच्या अंगाला चिकटलेली असते आणि बोटाने ढकलली की सुटून येते. सूत्रकृमीने मूळच फुगलेलं असतं, ते सोलून निघत नाही, मोडतं. टोमॅटो-वांग्यानंतर घेवडा घेतलेल्या रानात हे पाहिल्याशिवाय ‘गाठी भरपूर आहेत’ म्हणू नये. गाठी कमीच निघाल्या तर पेरताना कोंबडी खत जास्त पडलं होतं का ते आठवावं. आयतं नत्र मिळालं की झाड गाठी करायच्या फंदात पडत नाही.

टोमॅटो-कोबीत गाठी नसतात, तिथे तुलनेचा पट्टाच लागतो. आम्ही चार सऱ्या कल्चरच्या, चार बिनकल्चरच्या अशा आळीपाळीने ठेवतो. बिनकल्चरच्या सऱ्यांनाही तेच शेणखत आणि तेवढंच पाणी, फक्त त्यांच्या वाट्याचं कल्चर आधी उकळून मारलेलं. नाहीतर गुळाचा आणि शेणखताचा गुण जिवाणूच्या नावावर जमा होतो. प्रत्येक तोड्याला दोन्हीकडचे क्रेट वेगळे वजन करायचे. पहिल्या दोन तोड्यांत फरक फारसा नसतो. दिसला तर तो शेवटच्या तोड्यांकडे, वेल किती काळ हिरवा राहतो त्यात दिसतो, आणि मर लागलेल्या झाडांच्या संख्येत. एका हंगामावर निकाल देऊ नये, विशेषतः ज्या वर्षी सप्टेंबरात पाऊस लागून राहतो.

घेवडा निघाल्यावर झाडं उपटून बांधावर फेकायची पद्धत आहे. त्याऐवजी विळ्याने जमिनीलगत कापून मुळं आतच राहू द्यायची, म्हणजे गाठींतलं नत्र पुढच्या पिकाला मिळतं. त्यावर आम्ही कोबी किंवा मिरची घेतो. कोबी घेतला असेल तर त्यानंतरच्या कांद्याला रोपवाटिकेतली व्हॅम चुकवत नाही, कारण कोबीच्या मुळांवर ती बुरशी जगत नाही आणि रानातला तिचा साठा तेवढ्या महिन्यांत उतरलेला असतो.